उतारवयातील ईसीटी : मेंदूत काय बदलते आणि आठवणींचे काय होते?

गेल्या अंकातील उतारवयातील नैराश्यावरच्या लेखात ईसीटीचा (इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी), म्हणजे बोलण्यात ज्याला ‘शॉक’ म्हणतात त्या उपचाराचा, ओझरता उल्लेख होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्या उल्लेखाविषयीच आहेत आणि जवळपास प्रत्येकात मेंदू आणि स्मरणशक्ती हे दोन शब्द आहेत. म्हणून या वेळचे सदर याच विषयासाठी राखले आहे. उत्तरे आमच्या सल्लागार मनोविकारतज्ज्ञांनी दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची आहे. चार महिन्यांपासून ती तीव्र नैराश्यात असून गेल्या महिनाभरात तिचे खाणे जवळजवळ बंद झाले आहे. आपल्या पोटातली आतडी कुजली आहेत आणि आपल्यामुळे घर कर्जात बुडाले आहे, असे ती सतत म्हणते. यातले काहीही खरे नाही. दोन प्रकारची औषधे देऊन झाली, आता डॉक्टरांनी ईसीटी सुचवली आहे. माझा भाऊ म्हणतो की विजेने मेंदू जळतो. माझ्या मुलीने मात्र असे वाचले आहे की ईसीटीमुळे मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग वाढतो, त्यामुळे स्मरणशक्ती उलट सुधारते. कोणाचे खरे मानायचे? (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : दोघांचेही मानू नये; पण त्याआधी एक अधिक निकडीची गोष्ट सांगतो. आतडी कुजल्याची पक्की समजूत, नसलेल्या कर्जाची टोचणी आणि तुटलेले अन्न ही भ्रमयुक्त तीव्र नैराश्याची लक्षणे आहेत. या वयात महिनाभर अन्नपाणी नीट पोटात गेले नाही की रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि अंथरुणाला खिळल्यामुळे न्यूमोनियाचा आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढत जातो. नव्या गोळीचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तितकी सवड आपल्या आईंजवळ नसेलही. नेमक्या अशाच नैराश्यात आणि नेमक्या याच वयात ईसीटीचा गुण सर्वांत चांगला येतो. तरुणांपेक्षा वृद्धांना हा उपचार अधिक लागू पडतो, हे ऐकून नातेवाइकांना आश्चर्य वाटते. परंतु अनेक अभ्यासांत तसेच दिसून आले आहे. अमेरिकेत ६० वर्षांवरील २४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड’ या अभ्यासात सुमारे ६२ टक्के रुग्ण नैराश्यातून जवळजवळ पूर्णपणे बाहेर आले आणि त्यांना त्यासाठी सरासरी सात-आठ सत्रे पुरली. त्यांना ईसीटीबरोबर एक नैराश्यरोधक औषधही चालू होते.

आता आपल्या बंधूंच्या शंकेकडे वळू. १९३८ साली रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी हा उपचार प्रथम केला, तेव्हा भूल नव्हती, स्नायू सैल करणारे औषध नव्हते आणि विजेचा प्रवाहही अनावश्यक प्रमाणात दिला जात असे. भीतीचे मूळ त्या काळात आहे आणि ती भीती त्या काळापुरती रास्तही होती. आज रुग्णाला पूर्ण भूल देतात, स्नायू सैल करतात, प्राणवायू देत राहतात आणि मग डोक्यावरच्या दोन ठिकाणांहून अतिशय आखूड स्पंदांच्या रूपात काही सेकंद वीज सोडतात. उपचार विजेने होत नाही. विजेमुळे मेंदूत जी नियंत्रित आकडी येते, तिच्यामुळे होतो. ही आकडी साधारणपणे २० ते ६० सेकंद टिकते आणि मेंदूच्या आलेखावर ती पाहता येते. पेशी भाजतील इतकी उष्णता यात निर्माण होत नाही. माकडांना माणसांप्रमाणेच भूल देऊन ईसीटी दिल्यानंतर त्यांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा चेतापेशींची संख्या घटलेली आढळली नाही. मेंदूला इजा झाली की पाठीच्या कण्यातील द्रवात जी प्रथिने वाढतात, तीही रुग्णांमध्ये ईसीटीनंतर वाढलेली दिसली नाहीत. मेंदू जळतो, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

आपल्या मुलीने वाचलेले अर्धे खरे आहे आणि हे अर्धे खरेच अधिक घोटाळा करते, म्हणून इथे थोडे थांबतो. कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या दोन्ही भागांत खोलवर ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा लहानसा, वळलेला भाग असतो. नवीन आठवण प्रथम तयार होते ती याच्या मदतीने. दीर्घकालीन नैराश्यात हा भाग सरासरीने थोडा लहान आढळतो आणि वयानुसारही तो आकसतो. स्वीडनमधील संशोधकांनी २०१० साली १२ रुग्णांचे उपचाराआधीचे आणि नंतरचे एमआरआय ताडून पाहिले, तेव्हा हिप्पोकॅम्पसचे आकारमान वाढलेले दिसले. पुढे अनेक देशांतील केंद्रांनी आपली चित्रे एकत्र केली आणि २०१८ साली २८१ रुग्णांच्या नोंदींवरून तेच पुन्हा दिसले. ही वाढ काही टक्क्यांची असते, सत्रांची संख्या वाढेल तशी ती वाढते आणि वीज फक्त उजव्या बाजूने दिली असेल तर उजव्या बाजूला अधिक असते. पुढच्या विश्लेषणांत असेही आढळले की वाढ केवळ हिप्पोकॅम्पसची नसून मेंदूच्या करड्या भागात पुष्कळ ठिकाणी विखुरलेली असते.

बातमी इथे संपते, पण संशोधन संपत नाही. त्याच २८१ रुग्णांमध्ये हिप्पोकॅम्पस किती वाढला याचा आणि नैराश्य किती कमी झाले याचा मेळ बसला नाही. ज्यांचा हिप्पोकॅम्पस अधिक वाढला ते अधिक बरे झाले, असे मुळीच दिसले नाही. बेल्जियममध्ये केवळ वृद्ध रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा सहा महिन्यांनी आकारमान पूर्वीच्या ठिकाणी परतलेले होते. स्वीडनच्या त्या १२ रुग्णांतही असेच घडले. स्मरणशक्तीबाबत तर काही अभ्यासांत उलट चित्र दिसते : उपचार संपताना ज्यांचा हिप्पोकॅम्पस अधिक वाढलेला होता, त्यांनाच त्या दिवसांत नवीन गोष्टी लक्षात ठेवणे अधिक जड गेले. इतर काही अभ्यासांत असा कोणताच संबंध आढळला नाही.

मग ही वाढ असते तरी कशाची? उंदीर-माकडांत आकडीनंतर हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी तयार होताना दिसतात; परंतु वृद्ध माणसाच्या मेंदूत तीन-चार आठवड्यांत एमआरआयवर दिसण्याजोगी भर केवळ नव्या पेशींनी पडेल, हे संभवत नाही. पेशींच्या फांद्या आणि त्यांच्यातील जोडण्या वाढणे, आधारपेशींचे फुगणे, रक्तपुरवठ्यात किंवा पेशींमधील पाण्याच्या वाटणीत फरक पडणे अशी अनेक कारणे एकत्र असावीत. मला यातून एवढेच म्हणावेसे वाटते की आकडीमुळे मेंदूत तात्पुरती उलथापालथ होते, ती मोजता येते आणि तिला नुकसान म्हणणे जितके चूक आहे तितकेच ‘मेंदू सुधारला’ म्हणणेही चूक आहे. नैराश्य उतरणे, आकारमान वाढणे आणि आठवणी विस्कटणे या तीन घटना एकाच काळात घडतात, पण एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. त्यामुळे आपल्या आईंच्या बाबतीत निर्णय एमआरआयच्या बातमीवरून न घेता त्यांच्या आजाराच्या तीव्रतेवरून घ्यावा आणि तो लवकर घ्यावा.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ आहे. मागच्या वर्षी मला ईसीटीची दहा सत्रे देण्यात आली. नैराश्य गेले, हे मी कृतज्ञतेने सांगतो. परंतु उपचाराच्या आधीचे दोन-तीन महिने आणि उपचाराचा काळ यांतले बरेच काही पुसले गेले आहे. त्या काळात नातवाची मुंज झाली. फोटोंत मी पंगतीत वाढताना दिसतो, पण मला त्यातले काहीही आठवत नाही. त्याच्या आदल्या वर्षी केलेल्या काशीयात्रेतलेही काही दिवस गेले आहेत. डॉक्टर म्हणतात, “हा सगळा नैराश्याचा परिणाम आहे, चाचणीत तुम्ही उत्तम आहात.” या आठवणी परत येतील का? की हे माझ्या मनाचे खेळ आहेत? (नाशिक)

उत्तर : मनाचे खेळ नाहीत. आपण लिहिले आहे ते ईसीटीनंतरच्या विस्मरणाचे नेहमी दिसणारे रूप आहे आणि ते सगळेच्या सगळे नैराश्याच्या खात्यावर टाकणे मला पटत नाही.

ईसीटीनंतरचे विस्मरण तीन प्रकारांनी दिसते. सत्रानंतर शुद्धीवर येताना काही वेळ स्थळकाळाचे भान नसते. वयस्कर माणसांत हा गोंधळ अधिक वेळ टिकतो, पण तो बहुधा त्याच दिवशी निवळतो. दुसरा प्रकार म्हणजे उपचार चालू असताना आणि नंतरचे काही आठवडे नवीन माहिती मनात न ठरणे. सकाळी भेटायला कोण आले होते, ते संध्याकाळी सांगता येत नाही. हा दोष भरून येतो. २०१० साली ८४ अभ्यासांतील सुमारे तीन हजार रुग्णांच्या चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या, तेव्हा घसरण मुख्यतः शेवटच्या सत्रानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत दिसली आणि पंधरवड्यानंतर अनेक बाबतींत रुग्णांची कामगिरी उपचारापूर्वीपेक्षाही सरस होती, कारण नैराश्यामुळे मंदावलेले लक्ष आणि विचारांचा वेग परत आला होता. आपले डॉक्टर ‘चाचणीत उत्तम’ म्हणतात ते या अर्थाने खरे आहे.

तिसरा प्रकार मात्र या चाचण्यांत सापडतच नाही. आज कोणता वार आहे, शंभरातून सात वजा करत जा, हे तीन शब्द पाच मिनिटांनी सांगा, असे विचारणारी चाचणी नातवाच्या मुंजीविषयी काहीही विचारत नाही. आपले जे हरवले आहे, ती स्वतःच्या आयुष्यातील पूर्वी घडलेल्या गोष्टींची आठवण आहे. हा तोटा उपचाराच्या लगतच्या महिन्यांत सर्वांत दाट असतो आणि मागे जावे तसा विरळ होतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत लॅरी स्क्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दूरचित्रवाणीवर एकेकाच हंगामापुरत्या दाखवल्या गेलेल्या जुन्या कार्यक्रमांची नावे रुग्णांना विचारून हे दाखवले : ईसीटीच्या मालिकेनंतर अलीकडच्या कार्यक्रमांची नावे निसटली होती, जुन्या कार्यक्रमांची शाबूत होती. ताजा गिलावा हात लागताच खरवडला जातो आणि जुना तसा जात नाही, तसेच हे आहे. म्हणूनच काशीयात्रेतील काही दिवसच गेले आणि बालपण, नोकरी, लग्न हे सारे जागेवर राहिले. बँकेतली आकडेमोड, सायकल चालवणे, पाठ असलेली स्तोत्रे या गोष्टींना सहसा धक्का लागत नाही.

आता डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. तीव्र नैराश्यात माणसाचे लक्ष आतच वळलेले असते आणि भोवतालचे मनावर उमटतच नाही. त्या मुंजीत आपण हजर होतात, परंतु ती आठवण मुळात किती पक्की बसली होती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. उपचाराच्या काळातील तुटक आठवणींनाही हे लागू पडते. काशीयात्रा जर आजारपणाच्या आधी झाली असेल, तर तिथे मात्र हे कारण चालत नाही.

हे किती जणांना होते, यावर वाद आहे. रुग्णांची स्वतःची मते विचारणाऱ्या अभ्यासांचा एक आढावा २००३ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निदान एक तृतीयांश रुग्णांनी आठवणी कायमच्या गेल्याचे सांगितल्याचे दिसले. न्यूयॉर्क परिसरातील सात रुग्णालयांमध्ये ३४७ रुग्णांचा सहा महिने पाठपुरावा झाला आणि २००७ साली त्याचे निष्कर्ष आले. दोन्ही कानशिलांवरून वीज दिलेल्या रुग्णांत स्वतःच्या आयुष्यातील आठवणींचा तोटा सहा महिन्यांनंतरही मोजता येत होता आणि सत्रे जितकी अधिक तितका तो अधिक होता. वाढते वय हाही तोटा वाढवणारा घटक ठरला. मला तो अभ्यास यासाठी महत्त्वाचा वाटतो की तो ईसीटीच्या विरोधकांनी नव्हे, तर या उपचारावर आयुष्यभर काम केलेल्या संशोधकांनी केला होता.

आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर असे की हरवलेल्यांपैकी बराचसा भाग पहिल्या काही महिन्यांत परत येतो, पण एक वर्ष उलटल्यावर जे आलेले नाही ते आपण होऊन येण्याची शक्यता थोडी असते. फोटो, पत्नीचे आणि मुलांचे सांगणे, रेल्वेची तिकिटे, बँकेचे पासबुक यांच्या आधाराने त्या दिवसांचा तपशील आपल्याला पुन्हा माहीत होऊ शकतो आणि काही वेळा एखादा धागा हाती लागून खरी आठवणही जागी होते. याशिवाय दोन गोष्टी कराव्यात. रुग्णालयाकडून उपचाराची नोंद मागून घ्यावी. वीज कोणत्या बाजूने दिली, स्पंदाची रुंदी (विजेचा एकेक स्पंद किती वेळ टिकतो) किती होती आणि सत्रे किती झाली हे त्यात असते आणि पुन्हा कधी गरज पडली तर पद्धत बदलण्यासाठी ते उपयोगी पडेल. दुसरे, नवीन गोष्टी विसरण्याचे प्रमाण आज वाढते आहे असे वाटत असेल, तर त्याला मागच्या वर्षीची ईसीटी कारण नसणार. तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या आणि ऐकण्यातील दोष यांची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७६ आहे. नैराश्य येण्याच्या थोडे आधीपासूनच ते वस्तू कुठे ठेवल्या हे विसरत होते आणि आता ३० गुणांच्या चाचणीत त्यांना १९ गुण मिळाले. अशा स्थितीत ईसीटी दिली तर पुढे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होईल, अशी आम्हाला भीती आहे. (पुणे)

उत्तर : ईसीटीमुळे डिमेन्शिया होतो, असा पुरावा नाही. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या रुग्णालयीन नोंदी एकत्र ठेवल्या जातात. तिथे नैराश्यासारख्या भावनिक आजारांच्या १,६८,०१५ रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ५,९०१ जणांना ईसीटी मिळाली होती आणि इतरांच्या तुलनेत त्यांच्यात डिमेन्शियाचे प्रमाण अधिक आढळले नाही. सत्तरीपुढील रुग्णांत तर ते कमी दिसले. पण त्यावरून ईसीटी डिमेन्शिया टाळते असे समजू नये, कारण मुळात प्रकृतीने बऱ्या असलेल्या वृद्धांनाच हा उपचार दिला जाण्याचा संभव अधिक असतो.

आपल्या वडिलांच्या १९ गुणांचा अर्थ मात्र सावधपणे लावावा लागेल. उतारवयातील तीव्र नैराश्य डिमेन्शियासारखे दिसू शकते. असा रुग्ण प्रश्नाला चुकीचे उत्तर देण्याऐवजी ‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होतो, त्याचा वेग मंदावलेला असतो आणि आपली स्मरणशक्ती गेली अशी तक्रार तो स्वतःच करतो. डिमेन्शियाच्या रुग्णाची तक्रार बहुधा घरचे करतात. नैराश्य उतरल्यावर गुण वाढतात, कधी कधी लक्षणीय वाढतात. तरीही विसरणे नैराश्याच्या आधीपासून होते, हा आपल्या पत्रातील तपशील मला दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही. शिवाय नैराश्यासोबत आलेले आणि नैराश्याबरोबर गेलेले असे विस्मरण ज्यांना होते, त्यांच्यात पुढील काही वर्षांत खरा डिमेन्शिया सुरू होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. तेव्हा उपचारापूर्वी एमआरआय करावा, उपचारानंतर दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा घ्यावी आणि त्यानंतर दरवर्षी घेत राहावी.

डिमेन्शिया किंवा पार्किन्सनचा आजार आधीच असला, तरी ईसीटीची दारे बंद होत नाहीत. सत्रांच्या मधल्या काळात गोंधळ, भास किंवा बेचैनी होण्याचा धोका मात्र वाढतो. अशा रुग्णांत आठवड्यातून तीनऐवजी दोनच सत्रे घ्यावीत आणि दोन सत्रांमध्ये भान पूर्ण येत नसेल तर अंतर आणखी वाढवावे किंवा उपचार थांबवावा. चाचणीबद्दल आणखी एक : ती मराठीतून, चष्मा लावून आणि श्रवणयंत्र घालून झाली होती का, हे पाहावे. कमी शिकलेल्या माणसाला लिहा-वाचायला लावणाऱ्या चाचणीत अकारण कमी गुण पडतात. याच कारणासाठी हरियाणातील बल्लभगड भागात काम करताना संशोधकांना निरक्षर वृद्धांसाठी हिंदीतून वेगळी चाचणी तयार करावी लागली होती.

प्रश्न : सासूबाईंना पुढच्या आठवड्यापासून ईसीटी सुरू होणार आहे. त्यांना रक्तदाब आणि मधुमेह आहे, शिवाय हाडे ठिसूळ आहेत. आठवणींवर कमीत कमी परिणाम व्हावा यासाठी आम्ही डॉक्टरांना काय विचारावे आणि घरी कोणती तयारी करावी? (सांगली)

उत्तर : सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा की वीज कोणत्या बाजूने देणार. दोन्ही कानशिलांवरून दिलेली वीज लवकर गुण देते, पण आठवणींवरचा भार तिचाच अधिक असतो. फक्त उजव्या बाजूने, पुरेशा मात्रेत दिलेली ईसीटी जवळपास तितकीच परिणामकारक ठरू शकते. आयर्लंडमधील डब्लिन येथे १३८ रुग्णांची तुलना झाली, तेव्हा उजव्या बाजूची पद्धत उणी पडली नाही आणि रुग्ण भानावरही लवकर आले. ‘पुरेशा मात्रेत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आकडी येण्यासाठी लागणारी किमान मात्रा वयाबरोबर वाढत जाते, म्हणून पहिल्या सत्रात ती मोजून उजव्या बाजूसाठी तिच्या सुमारे सहापट मात्रा वापरतात. नुसती बाजू बदलली आणि मात्रा अपुरी ठेवली, तर आठवणी वाचतात पण आजार जात नाही.

दुसरा प्रश्न स्पंदाच्या रुंदीचा. ०.३ मिलिसेकंद किंवा त्याहून आखूड स्पंद आठवणींना सर्वांत कमी त्रास देतात, पण त्यांना गुण यायला सत्रे अधिक लागतात, ०.५ ते १ मिलिसेकंदाचे स्पंद अधिक प्रभावी आणि थोडे अधिक त्रासदायक असतात. खाणेपिणे सुटलेल्या, जीव धोक्यात असलेल्या रुग्णात वेगाला महत्त्व द्यावे लागते आणि तिथे दोन्ही बाजूंनी दिलेली ईसीटीच योग्य ठरेल. सासूबाईंची तशी स्थिती नसेल, तर उजव्या बाजूने आणि आठवड्यातून दोनदा, असा आग्रह आपण जरूर धरावा. सत्रांचा आकडा आधीच ठरवून तो पुरा करण्याची पद्धत मला पसंत नाही. दर दोन-तीन सत्रांनंतर सुधारणा मोजावी आणि सुधारणा थांबली की उपचारही थांबवावा. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) चालू असेल तर गोंधळ वाढतो आणि झोपेच्या काही गोळ्यांमुळे आकडी नीट येत नाही. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, आयुर्वेदिक औषधांसह, आधीच द्यावी. प्रत्येक सत्रानंतर स्वतःचे नाव, ठिकाण आणि वार सांगायला किती मिनिटे लागली, याची नोंद परिचारिकेने ठेवावी अशी विनंती करावी. हा वेळ लांबत गेला तर जुन्या आठवणींचा तोटाही अधिक होण्याची शक्यता असते आणि पद्धत वेळीच बदलता येते.

रक्तदाबाच्या गोळ्या बहुधा सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायच्या असतात, तर मधुमेहाच्या त्या सकाळी द्यायच्या नसतात. नेमके काय करायचे ते भूलतज्ज्ञांना विचारावे. आकडीच्या वेळी नाडी प्रथम मंदावते आणि मग नाडी व रक्तदाब दोन्ही काही मिनिटे झपाट्याने चढतात, त्यामुळे ईसीजी आधी काढलेला असावा. ठिसूळ हाडांची माहिती भूलतज्ज्ञांना आवर्जून द्यावी, म्हणजे स्नायू पूर्ण सैल झाल्याची खात्री ते करून घेतील. सत्राच्या आधी सहा तास अन्न देऊ नये आणि कवळी काढून ठेवावी. जोखीम किती, असे कोणी विचारेल. मृत्यूचे प्रमाण लाखभर सत्रांमागे सुमारे दोन आहे, म्हणजे लहानशा शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या भुलेइतके.

घरच्या तयारीत बँकेचे व्यवहार, एटीएमचा पिन, दागिने कुठे ठेवले आहेत, कोणाला पैसे द्यायचे-घ्यायचे आहेत, हे सासूबाईंच्याच सांगण्यावरून आधी लिहून ठेवावे. उपचार चालू असताना आणि नंतर काही आठवडे मृत्युपत्र, जमिनीची खरेदी-विक्री, बक्षीसपत्र अशा कागदांवर त्यांची सही घेऊ नये. रोज रात्री त्या दिवसाच्या चार ओळी वहीत लिहिण्याचे काम घरातल्या एकाने पत्करावे. शुद्धीवर येताना समोर ओळखीचे माणूस असावे आणि चष्मा व श्रवणयंत्र हाताशी असावे. अनोळखी खोलीत, अंधुक दिसत असताना आणि ऐकू येत नसताना जाग येणे कोणालाही घाबरवून सोडते.

प्रश्न : १९७०च्या दशकात माझ्या आजीला भूल न देता शॉक दिले होते, असे घरात सांगतात. आजही असे होऊ शकते का? आणि रुग्णाने नकार दिला तर? (पणजी)

उत्तर : मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याच्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देता ईसीटी करण्यास मनाई आहे. त्याच कायद्याप्रमाणे आपत्कालीन उपचार म्हणून, म्हणजे संमतीविना घाईघाईने, ईसीटी देता येत नाही. रुग्णाला समजेल अशा भाषेत फायदे, धोके आणि पर्याय सांगून संमती घ्यावी लागते आणि दिलेली संमती मध्येच मागे घेता येते. आजारामुळे निर्णय घेण्याची क्षमता तात्पुरती गेली असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयासाठी नेमलेल्या व्यक्तीची, भूमिका येते. ज्यांना पूर्वी असा आजार होऊन गेला आहे, त्यांनी प्रकृती ठीक असताना पूर्वनिर्देश लिहून ठेवावा. मला ईसीटी हवी किंवा नको, हवी तर उजव्या बाजूने, असे त्यात नमूद करण्याचा अधिकार कायदा देतो.

प्रश्न : माझ्या पत्नीला नऊ सत्रांनंतर पूर्ण बरे वाटले. आता औषधे बंद करून चालेल का? डॉक्टर महिन्यातून एकदा ईसीटी चालू ठेवू म्हणतात. त्याने स्मरणशक्ती आणखी जाणार नाही का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : औषधे मुळीच बंद करू नयेत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, ईसीटीने बरे झाल्यावर ज्यांना केवळ औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी देण्यात आली, त्यांतील ८४ टक्के रुग्ण सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. नॉर्ट्रिप्टिलिन हे नैराश्यरोधक औषध आणि लिथियम एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. ईसीटी आजाराचा झटका उतरवते, पण तो पुन्हा येऊ न देण्याचे काम तिच्याने पुढे फार काळ होत नाही.

वर उल्लेख केलेल्या ‘प्राइड’ अभ्यासाच्या दुसऱ्या टप्प्यात, बरे झालेल्या १२० वृद्धांपैकी निम्म्यांना फक्त औषधे आणि निम्म्यांना औषधांबरोबर अधूनमधून ईसीटी देण्यात आली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील सुमारे २० टक्के आणि दुसऱ्या गटातील सुमारे १३ टक्के रुग्णांचा आजार उलटला. नेहमीच्या स्मरण-चाचणीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. तिथे वीज उजव्या बाजूने आणि अतिशय आखूड स्पंदांनी दिली होती, शिवाय त्या चाचणीची मर्यादा मी नाशिकच्या वाचकांना कळवलीच आहे. पत्नींना पूर्वी औषधे चालू असतानाही आजार उलटला असेल, तर महिन्याच्या ईसीटीला माझी अनुकूलता आहे. हा पहिलाच झटका असेल, तर आधी औषधांवर ठेवून पहिले सहा महिने दर पंधरवड्याला तपासणी करावी, आणि झोप मोडणे, भूक जाणे किंवा पहाटे लवकर जाग येऊन मन जड होणे यांपैकी काही दिसताच डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावे.